थांबाकाका

वेळ वाचावा म्हणून घेतलेलं यंत्र घरातल्या सगळ्यांचा किती वेळ खाऊ शकतं, हे ज्याला पाहायचं असेल त्यानं एखाद्या रविवारी आमच्याकडे देवनारला यावं. गोवंडी स्टेशनला उतरून रिक्षा करावी, देवनार डेपोच्या बाजूला म्हणून सांगावं आणि आमच्या गेटवरच्या वॉचमनला 'थांबाकाका' एवढंच विचारावं. आडनाव सांगितलंत तर तो रजिस्टर उघडून बसेल. थांबाकाका म्हटलं की तो मान वर करून दुसऱ्या मजल्यावरची स्वयंपाकघराची खिडकी दाखवतो. खिडकीतून बारीक 'घूंऽऽ' असा आवाज येत असतो. मग तो बंद पडतो. मग पुन्हा येतो. हा काकांचा कॉम्बिनेशन मायक्रोवेव्ह. डेपोजवळ बसचे थांबे बरेच आहेत, पण कायमचा थांबा म्हणाल तर हाच.

काका ट्रॉम्बेला होते. आमच्या पट्ट्यात एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रातला माणूस नेमकं काय करतो याची चौकशी करायची नाही, अशी इकडची रीत आहे. काका सांगायला उत्सुक असत, पण विचारणाराच भेटत नसे. ते हेल्थ फिजिक्समध्ये सायंटिफिक असिस्टंट होते. हा काहीतरी तालमीचा प्रकार असावा, असं काकूंच्या माहेरी बरीच वर्षं समजत होते, आणि काकांची अंगकाठी डोळ्यांसमोर असताना हा समज टिकला कसा, हे कोडंच आहे. प्रत्यक्षात त्यांचं काम लोकांना अडवण्याचं. कुणी कुठे किती वेळ उभं राहायचं, किती लांबून, मध्ये कसला आडोसा घेऊन, हे सांगायचं. नोकरीभर छातीवर टीएलडी बॅज. अंगावर किरणोत्सर्ग किती पडला ते त्या बॅजमधल्या चकत्या टिपून ठेवतात, आणि ठरावीक मुदतीनं तो तपासायला द्यावा लागतो. निवृत्त झाले त्या दिवशी बॅज जमा केला, अणुशक्तीनगरचं क्वार्टर सोडलं आणि दोघं देवनारला वन बीएचकेत राहायला आले. हात मात्र अजून जातो. ओव्हनचं बटण दाबण्याआधी काका शर्टाचा खिसा चाचपतात. तिथे मधुमेहाच्या गोळ्यांचं पाकीट लागतं. त्यावर समाधान मानून ते बटण दाबतात.

ओव्हन मुलीनं घेऊन दिला. 'आईला जरा आराम' म्हणून. आईच्या नावानं आलेल्या त्या खोक्यातलं माहितीपुस्तक वडिलांच्या हाती लागलं आणि तिथेच आराम संपला. काकांनी ते पेन्सिल घेऊन वाचलं. कंपनीची एक मुलगी प्रात्यक्षिक दाखवायला आली होती. केक आणि पनीर टिक्का करून दाखवायचे आणि अर्ध्या तासात पुढचं घर गाठायचं, असा तिचा शिरस्ता. ती दुपारच्या चहानंतर निघाली. 'ओव्हन रिकामा चालवू नये, असं छापलंय. का चालवू नये ते कुठे छापलंय?' असं काकांनी तिला विचारलं होतं, आणि तिला ते सांगता येईना तेव्हा स्वतःच सांगितलं होतं. आत लहरी शोषून घ्यायला काही नसलं की त्या भिंतींवर आपटून ज्या मॅग्नेट्रॉनमधून निघाल्या तिकडेच परत जातात आणि त्यालाच तापवतात. मुलगी 'थँक्यू सर' म्हणाली. जाताना चप्पल घालायचीसुद्धा तिला घाई झाली होती.

पहिला महिना इमारतीतल्या लोकांना काकूंची काळजी वाटत होती. तळमजल्यावरच्या वहिनींनी तर तोंडावर विचारलं, 'काका, त्या किरणांनी काही होत नाही ना? तुम्ही म्हणजे ट्रॉम्बेचे, तुम्हाला सवय असेल, पण काकू?' आता या वहिनी देवनारच्या. इथलं डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. २०१६ च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा दिवसेंदिवस धूर खाऊन आम्ही सगळे खोकत होतो. पलीकडे माहुलला रिफायनऱ्या. या सगळ्यात श्वास घेऊन धडधाकट राहिलेली बाई काकूंच्या दुधाच्या कपाला भीत होती. काकांनी त्यांना शांतपणे समजावलं. हे किरण वेगळे आणि ते वेगळे. हे रेडिओच्या लहरींचे भाऊबंद. अणूला ते हात लावत नाहीत, पाण्याच्या कणांना नुसते घुसळतात, त्यानं अन्न तापतं. दार उघडलं की बंद. दाराच्या काचेमागे जाळी असते, तिची भोकं या लहरींना बाहेर पडायला फार लहान. दार वाकडं झालं, बिजागरी ढिली झाली, तर मात्र वापरायचं नाही. मॅग्नेट्रॉन हा मुळात युद्धातल्या रडारचा भाग, हेही सांगितलं. १९४५ मध्ये अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाचा माणूस चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभा होता, तेव्हा त्याच्या खिशातला खाऊ विरघळला, आणि त्यावरून हे निघालं. दोन वर्षांनी बाजारात आलेला ओव्हन जवळजवळ सहा फूट उंच आणि ३४० किलो वजनाचा होता.

'ठेवत कुठे असतील मेले?' काकू आतून म्हणाल्या. वन बीएचकेतल्या बाईला दुसरा प्रश्न पडणं शक्य नव्हतं.

तर किरणांना काका भीत नाहीत. काका भितात ते गार मध्याला. इमारतीतल्या लोकांना ज्याची धास्ती त्याचं काकांना हसू येतं, आणि काकांच्या ज्या भीतीनं झोप उडते तिचा इमारतीला पत्ताच नाही. काकांचं म्हणणं असं, की मायक्रोवेव्ह पदार्थाच्या आत फार तर इंच-दीड इंच जातो. पुढची उष्णता वरून आत झिरपत जाते आणि त्याला वेळ लागतो. वाटीला हात लावावा तर चटका, वाफ निघतेय, आणि मध्ये आमटी कोमट. ५ ते ६० अंशांच्या मधला प्रदेश जंतूंचा. उरलेलं अन्न गरम करायचं तर मध्यापर्यंत ७४ अंश झालं पाहिजे. म्हणून मध्ये एकदा ढवळायचं, बाहेर काढल्यावर झाकून पाच मिनिटं ठेवायचं, आणि मग मोजायचं. त्यासाठी काकांनी सुईचा थर्मामीटर आणला. ताट वाढून समोर आलं की पाहुण्याचा हात घासाकडे जातो, तेवढ्यात मागून आवाज येतो, 'थांबा!' आणि काका सुई घेऊन पुढे होतात. नाव पडलं ते यावरून.

माझं मत विचाराल तर काका प्रत्येक वेळी बरोबर असतात, आणि त्यांच्याबरोबर जेवायला बसणं अवघड जातं ते नेमकं त्यामुळे. चुकणाऱ्या माणसाला निदान गप्प तरी करता येतं.

एका गणपतीत रात्रीच्या आरतीला नैवेद्याचे मोदक पुन्हा गरम केले होते. आरती संपली, काकूंनी ताट पुढे सरकवलं आणि पाहतात तर सगळ्यांत देखण्या, एकवीस कळ्यांच्या मोदकाला वरून भोक. 'सारण आतून ६१ होतं,' काकांनी खुलासा केला. काकूंनी देवासमोर आवाज चढवायचा नाही म्हणून दात दाबून विचारलं, 'बाप्पाला जुलाब होतात का?' 'बाप्पाला नाही होत. प्रसाद तुमचा भाऊ खातो,' काका म्हणाले. मेव्हण्यांनी हात आखडता घेतला तो नंतर चकलीवरच फिरला.

पापडाचा प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. मराठी घरात मायक्रोवेव्हचा खरा उपयोग दोनच, दूध तापवणं आणि पापड भाजणं; बाकी सगळं प्रात्यक्षिकापुरतं. एकदा त्यांच्याकडे मुगाची खिचडी होती. काकूंनी पापड भाजायला दिले. बराच वेळ झाला तरी पापड येईनात म्हणून आत डोकावलो. काकांनी आतली फिरती काचेची थाळी काढून ठेवली होती, फिरणाऱ्या खुंटीवर एक भांडं पालथं घालून त्यावर ताटली बसवली होती, आणि पापड एका जागी स्थिर ठेवून भाजला होता. पापडाला फुगलेले, भाजलेले डाग पडले होते आणि मधला भाग कच्चाच. काका नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी लावून एका डागाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर घेत होते. 'सहा सेंटिमीटर,' मला म्हणाले, 'म्हणजे पूर्ण लहर बाराची. ओव्हन २४५० मेगाहर्ट्झचा, मागे पट्टीवर छापलंय. गुणाकार करा.' मी करेपर्यंत त्यांचा झाला होता. सेकंदाला २ लाख ९४ हजार किलोमीटर. 'प्रकाशाचा वेग! खरा २ लाख ९९ हजार ७९२. दोन टक्के चूक. ती पापडखाराची असणार.' थाळी फिरती का ठेवतात, एकाच जागी राहिलं तर पदार्थाचा एक भाग जळतो आणि शेजारचा कच्चा कसा राहतो, हे एका उडदाच्या पापडावर सिद्ध झालं होतं. बाहेरून काकूंचा आवाज आला, 'प्रकाश पोचला असेल एव्हाना. पापड कधी पोचणार?'

भांड्यांचं प्रकरण जास्त चिघळलं. साधा मायक्रोवेव्ह असता तर एकच नियम, धातू नको. हा पडला कॉम्बिनेशन. मायक्रोवेव्हवर काच, चिनी माती चालते. स्टील आणि सोनेरी कडेचे कप चालत नाहीत, ठिणग्या उडतात. कन्व्हेक्शनवर, म्हणजे नुसत्या गरम हवेवर, केकचा पत्र्याचा डबा चालतो. पण प्लॅस्टिक वितळतं. कॉम्बिनेशनवर दोन्ही चालू, म्हणून पत्रा नको आणि प्लॅस्टिकही नको. धातूची म्हणून चालते ती फक्त ओव्हनबरोबर आलेली जाळीची तिवई. शिवाय मेलामाइनच्या बशा, त्या दिसायला चिनी मातीच्या आणि स्वतःच तापून बसणाऱ्या. हे सगळं ध्यानात राहावं म्हणून काकांनी काकूंच्या टिकल्यांची पाकिटं उघडली आणि घरातल्या प्रत्येक भांड्याला टिकली लावली. हिरवी म्हणजे मायक्रोवेव्ह. पिवळी म्हणजे नुसतं कन्व्हेक्शन. दोन्ही रंग असले तर कॉम्बिनेशन. लाल म्हणजे ओव्हनच्या आसपाससुद्धा नको. लग्नात आलेली नाव घातलेली स्टीलची सगळी भांडी अर्थातच लाल. स्वयंपाकघर सवाष्णींनी भरल्यासारखं दिसत होतं. मग घासताना टिकल्या सुटायला लागल्या. एके दिवशी आमटीत हिरवी टिकली निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका चहाला बसले तेव्हा त्यांच्या टकलावर मागच्या बाजूला लाल टिकली होती. ती कधी लागली ते कुणी सांगेना. दुपारी पासबुक भरायला ते बँकेत तसेच जाऊन आले.

भातावरून मात्र घर मोडायची वेळ आली होती. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी त्याला फोडणी द्यायची, हा काकूंच्या घराण्याचा रिवाज. काकांनी त्यावर बंदी घातली. भातात एका जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर उबेत राहिला की ते वाढतात आणि जे विष सोडतात ते पुन्हा तापवून जात नाही. 'म्हणजे तुमचा मायक्रोवेव्हही त्याला काही करू शकत नाही?' काकूंनी विचारलं. 'नाही,' काका म्हणाले. 'मग त्याला कशाला पोसायचा?' यावर काकांपाशी उत्तर होतं, ते त्यांनी त्या रात्री दिलं नाही. तडजोड अशी झाली की उरलेला भात दोन तासांच्या आत पसरट डब्यात फ्रिजमध्ये जायचा. सकाळी काका त्यावर पाणी शिंपडून बशीत आळं करतात, वरणाला करतो तसं, मध्यात काही ठेवतच नाहीत. मध्यच नाही तर गार काय राहणार. भात सगळीकडून सारखा तापतो, आणि मग काकू तो कढईत घालून मोहरी-हिंगाची फोडणी देतात आणि गॅसवर पुन्हा चांगला परततात. म्हणजे काकांनी जे केलं ते सगळं काकूंनी पुन्हा केलं. असा त्यांचा संसार.

आता देवनारला राहून मटण फ्रीझरमध्ये ठेवणारा माणूस हा एकच असेल. १९७१ पासून मुंबईचा कत्तलखाना इथे आहे. बकरी ईदला बाहेरगावचे ट्रक इथे येतात. सकाळी गोवंडीच्या दुकानात टांगलेलं मटण जेवणापर्यंत पोटात जावं इतकं सगळं जवळ. तरी काका ते आणून गोठवतात. 'ताजं काय, कुणीही शिजवेल,' असं ते म्हणतात. डीफ्रॉस्ट हीच खरी विद्या, आणि गोठवल्याशिवाय ती दाखवणार कशी?

गेल्या गटारीला ही विद्या पाहण्याचा योग आला. रविवारी पहाटेपासून दुकानापुढे रांग लागते म्हणून काकांनी गुरुवारीच किलोभर खिमा आणला होता. खिम्याला ते जास्त जपतात. अखंड तुकड्याचे जंतू बाहेर असतात, खिम्यात ते चरकातून आतपर्यंत गेलेले असतात. त्यांची पद्धत अशी की खिमा पातळ, पोळीएवढा सपाट करून गोठवायचा, म्हणजे वितळताना त्रास नाही. पण गुरुवारी त्यांना रक्त तपासायला जायचं होतं आणि काकूंनी पिशवी होती तशीच फ्रीझरमध्ये सारली. रविवारी बाहेर आला तो नारळाएवढा गोळा. 'तुमच्या पोळ्या लाटायला मला वेळ नव्हता,' काकू म्हणाल्या. काकांनी गोळा तराजूत ठेवला. ९८५ ग्रॅम. यंत्र शंभर-शंभरच्या टप्प्यानं वजन घेतं. डोंबिवलीहून आलेला भाचा म्हणाला, 'मामा, हजार टाका.' काकांनी नऊशे टाकले. 'कमी पडलं तर पुन्हा लावता येतं. जास्त झालं तर शिजलेलं परत कच्चं होत नाही.' खिसा चाचपला, बटण दाबलं.

घूंऽऽ. थांबलं. घूंऽऽ. आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दारात. काका आतल्या दिव्याकडे बघत बोलत होते. बर्फातलं पाणी जखडलेलं असतं, लहरींना दाद देत नाही. कुठेतरी थेंबभर वितळलं की तो थेंब पाण्याचा, तो लहरी गटागट पितो, आणखी तापतो. म्हणजे ज्याचं वितळलं त्यालाच सगळं मिळतं आणि बर्फ तसाच. म्हणून यंत्र थोडा वेळ चालतं आणि जास्त वेळ गप्प बसतं, तेवढ्यात उष्णता आत झिरपते. तरीही अर्ध्यात दार उघडलं तेव्हा गोळ्याच्या कडा करड्या पडून वाफाळत होत्या आणि आत विटेसारखा बर्फ. काकांनी उलथन्यानं बाहेरचा सुटलेला थर खरवडून वेगळा काढला, उरलेला गोळा उलटा केला, पुन्हा लावला. एवढ्यात भाचसुनेनं बाहेरच्या खोलीत एसी लावला. ओव्हन, एसी आणि गिझर एकदम म्हटल्यावर एमसीबी पडला. वीज आली तेव्हा ओव्हनच्या पाटीवर नुसतीच शून्यं लुकलुकत होती, किती झालं होतं आणि किती राहिलं याचा हिशेब गेला होता. 'पुन्हा वजन करू,' काका म्हणाले.

काकूंनी भाच्याच्या हातात पिशवी आणि पैसे दिले ते तेव्हाच. त्यांनी डोळ्यांनी जिन्याकडे खूण केली. रांग ओसरली होती. अर्ध्या तासात मटण घरात, पाऊण तासात कुकरच्या शिट्ट्या, आणि दीडच्या सुमाराला आम्ही सगळे भाकरी मोडून रस्सा ओरपत होतो. काका जेवायला आले नाहीत. मायक्रोवेव्हमध्ये वितळवलेलं मांस तसंच ठेवायचं नाही, कारण कडा उबेला आलेल्या असतात. आणि पुन्हा गोठवायचं तर आधी शिजवायला हवं. त्यामुळे आता मागे फिरणं नव्हतंच. खिमा मळून, कबाब थापून, तिवईवर मांडून त्यांनी कॉम्बिनेशन लावलं. मायक्रोवेव्ह आतून शिजवतो पण वरून पांढराफटक ठेवतो, गरम हवा वरून खरपूस करते. दोन्ही मिळून काम होतं. आम्ही बडीशेप चघळत होतो तेव्हा ताटली आली. वास असा की बडीशेप थुंकून टाकावी. भाच्यानं हात पुढे केला.

'थांबा!'

पाच मिनिटं ताटलीभोवती सगळे घड्याळाकडे बघत बसलो. मग सुई गेली. एकेका कबाबात. ७६, ७८, ७७. 'खा,' काका म्हणाले. कबाब अप्रतिम होते, हे लिहायला मला काही कमीपणा वाटत नाही. काकूंनीसुद्धा एक खाल्ला, आणि कुणी पाहत नाही असं बघून दुसरा. पण पोटं टम्म होती. एकेक, दोनदोन खाऊन सगळे आडवे झाले आणि बरेच उरले.

काकांनी ते दोन तासांच्या आत सपाट डब्यांत एकेरी थरानं भरले, गार केले आणि चिठ्ठ्या लिहायला बसले. नाव, वजन, तारीख. चौथा रकाना त्यांच्या चिठ्ठीवर नेहमी असतो, 'कधी वापरायचं'. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. 'श्रावण संपला की?' त्यांनी काकूंना विचारलं. 'गणपती नाहीत का लगेच?' 'मग अनंत चतुर्दशी.' 'पुढे पितृपक्ष.' 'तो झाला की?' 'नवरात्र.' काकांनी बोटांवर महिने मोजले. उणे १८ अंशांना शिजवलेलं मटण दोन-तीन महिने चांगलं राहतं, म्हणजे बसत होतं. त्यांनी रकान्यात लिहिलं, 'दसरा, दुपारनंतर', आणि डबे फ्रीझरमध्ये ठेवून दार लावलं.